आठ देश आणि विहिरीची बारी

बोरमळा, ता. मिरज
१४ मार्च २०२४

चि. अतिशय यास आत्याचे आशीर्वाद. जय जिनेंद्र.

तुझं पत्र पोचलं. फोन का उचलत नाहीस म्हणून रागावला आहेस, तर ऐक. कानात मशीन घातलं आणि फोन धरला की ते शिट्टी मारतं, आणि तुझ्या बोलण्यातलं निम्मं काठमांडूतच राहतं. तू लिहीत जा, मी लिहीत जाते. कागदाला बहिरेपण नसतं.

बेदाण्याचा हंगाम उरकत आलाय. शेवटची रॅक काल झाडली. अख्तरबीचे रोजे सुरू झालेत, तरी बाई शेडवर सगळ्यांच्या आधी हजर. तोंडात पाण्याचा थेंब नाही, पण बायकांना ओरडायला आवाज खणखणीत. ‘अक्काला परदेशाचं आमंत्रण आलंय’ हे तिनंच वस्तीभर केलं. नेपाळला परदेश म्हणायचं का, यावरून चावडीवर वादही झाला.

आता मुद्द्याचं. एप्रिलअखेर ये म्हणतोस, आठ देशांच्या शेतकऱ्यांसमोर बेदाण्यावर बोल म्हणतोस. मी चौथी शिकलेली. बाकीचं शिक्षण वाचनालयात आणि बांधावर झालं. पण बायकांच्या गटाची मी प्रमुख, तर मागं सरणार नाही.

विरधवल भावजी तुला माहीत आहेत, माझे चुलत दीर. सध्या बेदाणा संघाचे अध्यक्ष आहेत. त्यांना आमंत्रणाचा भलताच आनंद झाला. दुसऱ्याच दिवशी टाइप केलेले कागद घेऊन दारात.

“वहिनी, काय बोलायचं ते आमी लिवून आणलंय. तुमी फकस्त वाचायचं.”

“आणि मला काय वाटतं ते?”

“ते घरी आल्यावर वाटू द्या की.”

भाषणाचा सारांश असा. आठ देशांनी ठरवलंय की एकमेकांच्या मालावर जकात कमी ठेवायची, गरीब शेजाऱ्याला जवळजवळ माफच. म्हणून अफगाणिस्तानचा बेदाणा मोकळ्या दारानं आत येतो आणि आपला भाव पडतो. तेव्हा करार मोडा, शेजाऱ्याला दार बंद करा.

भाव पडतो हे खरं आहे, मी रोज सोसते. पण बाजारात व्यापारी उघड बोलतात की आठांच्या बाहेरचाही माल शेजाऱ्याच्या नावाची पोती पांघरून येतो. तसं असेल तर दार कुणाला लावायचं? शेजाऱ्याला, का त्याचं नाव चोरणाऱ्याला? भावजींना विचारलं तर म्हणाले, “एवढं खोलात जाऊ नका, पाणी लागंल.”

तू शिकलेला आहेस. तुमचा हा मंच नेमकं करतो काय, ते साध्या मराठीत लिही.

तुझी आत्या,
गुणमाला

•

काठमांडू
२९ मार्च २०२४

ती. गुणमाला आत्यास सा. नमस्कार. जय जिनेंद्र.

तू येते आहेस हे वाचून ऑफिसात मी पेढे वाटले. इथं कंदी पेढे मिळत नाहीत, जे मिळाले ते वाटले.

साध्या मराठीत सांगायचं तर आठ देशांच्या सरकारांची एक संघटना आहे. तिचं मुख्य कार्यालय याच शहरात आहे. पण आठही देशांचे प्रमुख शेवटचे एकत्र बसले ते २०१४ साली. त्यानंतर दोन मोठ्या घरांचं बिनसलं आणि पंगत उठली ती उठलीच. करार आहेत, पण ते पुढं न्यायला कुणी बसत नाही. युरोपातले देश दोनदा एकमेकांच्या घरांची राखरांगोळी करून शेवटी एका बाजारात आले. आपण आठजण एका समुद्राच्या आणि एका डोंगराच्या मधले, तरी आपसातला व्यापार बोटांवर मोजण्याइतका. म्हणून आमचा हा छोटा मंच. सरकारी नाही, शेतकऱ्यांचा. सरकारं बोलत नाहीत तर निदान शेतकऱ्यांनी बोलावं.

पण आत्या, एक विनंती. कंदाहारकडून करीमदाद नावाचे एक बागायतदार येताहेत, मोठ्या मुश्किलीनं. त्यांच्यासमोर ‘दार बंद करा’ हे भाषण नको. आम्हाला मदत देणारी मंडळीही बसलेली असतील. काही कडू निघालं तर मंचाचं काम थांबेल. माझ्या नोकरीचं तर बोलायलाच नको. मीच एक भाषण लिहून सोबत पाठवतो आहे. दोन पानांचंच आहे. सहकार्य, बंधुभाव, उज्ज्वल भवितव्य असं सगळं त्यात आहे. तू नुसतं वाच. मी शेजारी उभा राहून इंग्रजीत सांगेन.

तुझा,
अतिशय

•

बोरमळा
१२ एप्रिल २०२४

चि. अतिशय यास आशीर्वाद.

काल ईद झाली. अख्तरबीच्या घरचा शीरखुर्मा दिवस मावळायच्या आत आमच्याकडं पोचला. इतक्या वर्षांत तिनं माझी जेवणाची वेळ चुकवली नाही. तो खाता खाता तुझं भाषण तिला वाचून दाखवलं. ती म्हणाली, “अक्का, ह्यात साखर लय झाली. शीरखुर्म्यात घातली असती तर चाललं असतं.”

अरे, ‘उज्ज्वल भवितव्य’ तीनदा आलंय. बेदाणा एकदाही नाही.

भावजींचं तिखट, तुझं गोड. दोघांनीही मला ‘नुसतं वाच’ सांगितलंय. गंमत आहे. एकाला शेजारी म्हणजे चोर वाटतो आणि दुसऱ्याला देवमाणूस. दोघांनीही त्याच्याबरोबर एका विहिरीवर पाणी धरलेलं दिसत नाही.

तू कराडच्या फ्लॅटमध्ये वाढलास, म्हणून सांगते. आमची विहीर सामाईक, तिघांची. विरधवल भावजी, आप्पासो भावजी आणि मी. प्रत्येकाला तीन दिवस पाणी, मग पुढच्याला. ह्यालाच आम्ही बारी म्हणतो. विरधवल आणि आप्पासो सख्खे चुलतभाऊ. बांधावरून भांडले, ते वर्षानुवर्षं एकमेकांच्या दारातल्या लग्नाला गेले नाहीत. समोरून येताना दिसले तर एकजण रस्ता बदलतो. पण बारी? एकदाही चुकली नाही. ठरल्या दिवशी सकाळी एकानं मोटर बंद करायची, दुसऱ्यानं चालू करायची. तोंडातून शब्द नाही. प्रेम नसलं तरी बारी चालते, आणि बारी चालते म्हणून तिघांच्याही बागा उभ्या आहेत. तुझ्या आठ देशांना बंधुभाव नसेना का. बारी हवी.

हे मी काठमांडूत बोलणार, असं परवा बोलून गेले. ते भावजींच्या कानावर गेलं. लगेच आले. बसले नाहीत, उभ्यानंच बोलले.

“वहिनी, संघाचं भाषण वाचायचं. शब्द बदलायचा न्हाई.”

“आणि बदलला तर?”

“तर विहिरीचं बी बघावं लागंल. मोटर संघाच्या नावावर घेतलीया, इसरू नका.”

“मोटर तुमची असंल, भावजी. विहिरीतला तिसरा हिस्सा सातबाऱ्यावर माझा हाय.”

द्राक्षवेलींची खरड छाटणी, म्हणजे हंगामानंतरची मोठी छाटणी, झाली आहे. आता फुटवे येतील. ह्या उन्हात वेलीला पाणी नाही तर पुढच्या वर्षी काडीला घड धरायचा नाही, हे त्यांना माझ्याइतकंच ठाऊक आहे. नेमकं तिथंच बोट ठेवलं.

तरी येतेय. अख्तरबी सोबत आहे. तिचा मुलगा फारूक गोरखपूरपर्यंतची तिकिटं काढून देतोय, पुढं बसनं येतो. माझी काळजी करू नको. दोन्ही भाषणं पिशवीत घेतली आहेत, वाटेत दशम्या गुंडाळायला उपयोगी पडतील.

आत्या

•

काठमांडू
३ मे २०२४

ती. आत्यास नमस्कार.

तुम्ही सुखरूप पोचल्याचा फारूकचा निरोप मिळाला. आता माझ्या मनात आहे ते लिहितो. बसस्टँडवर तू पाठ थोपटून निघून गेलीस, मला बोलताच आलं नाही.

मी तुझ्यावर रागावलो होतो. आता स्वतःवर रागावलो आहे.

तू माईकसमोर उभी राहिलीस आणि हातात कागदच नाही. मला तिथंच घाम फुटला. तू म्हणालीस, “तुमची सरकारं दहा वर्षं एका पंगतीला बसली न्हाईत आणि तुमी हितं गोडधोड बोलताय, लाज वाटत न्हाई?” मी इंग्रजीत सांगितलं, “संवाद वाढायला हवा, असं त्यांना वाटतं.” तू म्हणालीस, “चोर एक हाय आणि मार दोघं खातोय. त्याला शेजारी चोर, मला शेजारी चोर, आणि खरा चोर मधनं पोती घिऊन पसार.” मी सांगितलं, “व्यापारात काही अडचणी आहेत.”

मला वाटलं, निभावलं. तेवढ्यात मागच्या रांगेतून अख्तरबी मावशींचा आवाज आला. करीमदाद यांच्या शेजारी बसून त्या त्यांना सांगत होत्या, “भाईसाब, ये छोरा आधाच बोल रा. पूरा मैं बोलती, सुनो.” आणि त्या ‘पूरा’ बोलल्या. करीमदाद यांचं लहानपण पेशावरच्या निर्वासित छावणीत गेलं, त्यांना उर्दू येतं, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

ते उठले तेव्हा मला वाटलं, निघून चालले. पण ते पुढं आले आणि तुझ्यासमोर उभे राहून म्हणाले, “मातीच्या घरात, भिंतीच्या भोकांतून येणाऱ्या वाऱ्यावर आम्ही बेदाणा वाळवतो, ऊन लागू देत नाही. आणि बाजारात आमच्या नावानं कुणाचा तरी कचरा विकतात. बहेनजी, तुम्ही म्हणता तो चोर माझ्याही घरात शिरलाय.” मी बाजूला सरकलो. भाषांतराची गरजच उरली नाही.

तुझे दोन्ही ठराव पास झाले, हे तुला माहीतच आहे. पोत्यातला माल कुठल्या बागेचा, ते बागायतदारांच्या गटानं सांगायचं आणि शेजारी देशाच्या गटानं त्याची साक्ष द्यायची. आणि मंचाची बैठक दरवर्षी बारीनं एकेका देशात घ्यायची, सरकारं बोलोत न बोलोत. ‘बारी’ हा शब्द इंग्रजी इतिवृत्तात तसाच गेला. मालदीवचे मासेमार तो फार छान म्हणतात.

पण आत्या, ‘पहिली बारी माझी, पुढच्या फेब्रुवारीत बोरमळ्यात या’ हे तू कुणाला विचारून म्हणालीस? आठ देशांची माणसं! राहणार कुठं? व्हिसाचं काय? आणि विरधवल काका काय म्हणाले? ते लिही. खरं लिही.

अतिशय

•

बोरमळा
१३ मे २०२४

चि. अतिशय यास आशीर्वाद.

तू मला न विचारता माझं बोलणं गोड केलंस, मी तुला न विचारता पाहुणे बोलावले. फिटलं.

राहायचं म्हणशील तर बेदाण्याचं शेड आहे. हवा खेळती, वर पत्रा, चारी बाजूंनी जाळी. रॅकवर गाद्या टाकल्या की आठ काय, अठरा देश झोपतील. अख्तरबीनं मटण कोण करणार आणि बिनकांद्याचं कोण करणार याची वाटणी आत्ताच केली आहे. मी म्हटलं, अगं, अजून नऊ महिने आहेत. तर म्हणाली, “लेकराला बी नऊच लागतात, तयारी पहिल्यापासनं करावी लागती.”

व्हिसा मी देत नाही, जेवण देते. माझ्या हातातलं मी करीन. ज्यांच्या हातात व्हिसा आहे त्यांनी नाही दिला तर तेही सगळ्यांना दिसेल. कोण दार लावतंय ते एकदा दिसू दे तरी.

भावजी बरे आहेत. बाग ठीक आहे. ऊन फार आहे. गल्लीतल्या पोरींना मी नेपाळच्या डोंगरांचं सांगते तर त्यांना वाटतं, म्हातारी फेकतेय.

तुझ्या आईला म्हणावं, कराडहून येताना जुनी लुगडी असतील तर आण. गोधड्या शिवायच्या आहेत.

आत्या

•

काठमांडू
२३ मे २०२४

ती. आत्यास,

‘बाग ठीक आहे’ हे वाचून मी निर्धास्त झालो होतो. मग आईचा फोन आला.

ती लुगडी घेऊन तुझ्याकडे आली होती ना? तिनं सगळं पाहिलं. मोटरच्या पेटीला कुलूप आहे. तुझ्या दोन बाऱ्या कोरड्या गेल्या. वरच्या तुकड्यातले फुटवे करपले आहेत. संघाच्या बैठकीत विरधवल काकांनी ‘हिनं परक्यांच्या पंगतीत आपलं नाक कापलं’ असं म्हटलं आणि तू माफी मागेपर्यंत पाणी बंद ठेवायचं ठरवलं. आणि तू मला गोधड्यांचं लिहितेस!

आत्या, माझ्याकडे एक उपाय आहे. मी विरधवल काकांना पत्र लिहितो. तू संघाचंच भाषण वाचलंस आणि मीच भाषांतर चुकीचं केलं, असं लिहितो. भाषांतर मी चुकीचं केलं होतंच, थोडं आणखी चुकीचं केलं असं म्हणायचं. त्यांचा मान राहील, कुलूप निघेल. पत्र लिहून तयार आहे, तू हो म्हण.

दुसरं असं, की आमच्या कार्यालयातही चलबिचल आहे. बोरमळ्याऐवजी कोलंबोच्या हॉटेलात बैठक घ्यावी असं वरिष्ठ म्हणताहेत. तू प्रकृतीचं कारण देऊन दोन ओळी लिहिल्यास तर सगळ्यांचंच सोपं होईल. बागेपेक्षा बैठक मोठी नाही. मला तुझी बाग हवी आहे.

अतिशय

•

बोरमळा
३ जून २०२४

चि. अतिशय यास आत्याचे आशीर्वाद.

तुझं ते तयार पत्र फाड. आधी फाड, मग पुढं वाच.

फाडलंस? आता ऐक. मी जे बोलले ते करीमदादनं ऐकलं, बांगलादेशच्या बायकांनी ऐकलं. ते त्यांच्या त्यांच्या गावात जाऊन सांगणार, की मिरजेकडची एक म्हातारी असं म्हणाली. आता मी इथं म्हणू, की छे, मी तसं बोललेच नाही? मग माझ्यात आणि दुसऱ्याच्या नावाची पोती घालणाऱ्यात फरक काय राहिला? पाण्यासाठी तर मुळीच नाही म्हणणार. पाणी माझंच आहे.

तुझ्यापासून लपवलं, कारण तू असलंच काहीतरी करशील हे ठाऊक होतं.

झालं ते असं. कुलूप घातलं त्या दिवशी विरधवल भावजींनी आप्पासोंना निरोप धाडला, की वहिनींचे तीन दिवस तू घे, मोटर सोडतो. इतक्या वर्षांत पहिल्यांदा एकानं दुसऱ्याला निरोप धाडला, तोही माझं पाणी वाटून घ्यायला! आप्पासो विहिरीवर आले, कठड्यावर बसले आणि बसूनच राहिले. मी विचारलं, “घेत न्हाई व्हय पाणी?”

ते म्हणाले, “वहिनी, आज तुमची बारी मोडून मी पाणी घेतलं तर उद्या माझी मोडताना कुणाला लाज वाटंल? मी माझ्या वाराला येतो.” आणि घरी गेले. तेव्हापासून माझे तीन दिवस विहीर भरून उभी राहते. खुद्द विरधवलही त्या दिवसांत पाणी घेत नाहीत. बारी मोडली असं उघड म्हणायची छाती त्यांनाही होत नाही. मला द्यायचं नाही आणि स्वतः घ्यायचं नाही. तुझ्या त्या बंद पडलेल्या पंगतीसारखंच झालंय हे.

फारूक म्हणाला, तहसीलदारांकडं अर्ज करू. केला. पण अर्जाचा निकाल लागेपर्यंत थांब, असं वेलीला कोण सांगणार? तिसरी बारीही कोरडी गेली तेव्हा मी ठरवलं. कुलूप मोटरला आहे, विहिरीला नाही.

परवा माझी चौथी बारी सुरू झाली. तांबडं फुटताच मी, अख्तरबी, तिची सून अल्फिया आणि शेडवरच्या बायका विहिरीवर गेलो. आप्पासोंनी माळ्यावरचा जुना रहाट उतरवून बसवून दिला. दोर, पोहरे, घागरी ज्याच्या त्याच्या घरच्या. दोघी ओढायच्या, बाकीच्यांनी ओळीनं उभं राहून हातोहात घागर पुढं द्यायची, शेवटच्या बाईनं वेलीच्या बुंध्याशी ओतायची. वरचा तुकडा गेला. तो आता हाती लागायचा नाही, मी धरून चालले आहे. पण खालचा वाचवायचा.

दुपारी भावजी आले. मागं संघाची चार माणसं.

“वहिनी, हे काय चालवलंय? लोक हसत्यात.”

“हसू द्या. घागर धरत असतील तर हसत हसत धरू द्या.”

“माफीचे दोन शब्द बोला आणि सोडा की विषय. बटण दाबलं की तासात बाग भिजंल.”

“दोन शब्द बोलते की. माझी बारी.”

अख्तरबी दोर ओढता ओढता म्हणाली, “अध्यक्ष, सावलीत तरी ऱ्हावा. तुमी करपला तर आमाला पाणी न्हाई तुमच्यासाठी.” बायका अशा हसल्या की एक पोहरा विहिरीत सुटला. तो काढायला अर्धा तास गेला.

भावजी गेले. पण काल दुसऱ्या दिवशी सकाळी ओळीत एक बाई जास्त दिसली. पदर डोक्यावरून ओढलेला, म्हणून आधी ओळखलं नाही. सुंदरी होती, माझी जाऊ, विरधवल भावजींची बायको. घागर आली की घ्यायची, पुढं द्यायची. उन्हं चढली तसे भावजी बांधावर येऊन उभे राहिले. तिला परत बोलावलं नाही. बराच वेळ उभे होते.

कोलंबोच्या हॉटेलचं तुझ्या वरिष्ठांना माझ्या नावानं कळव. बारी माझी आहे आणि जागा बोरमळा आहे. माझी प्रकृती उत्तम आहे. हे वाक्य इंग्रजीत जसंच्या तसं जाऊ दे, त्यात साखर घालू नको. व्हिसासाठी लागतात ती निमंत्रणपत्रं मी गटाच्या बायकांकडून लिहून घेतेय, आठही देशांची, पाकिस्तानच्या गटाचंसुद्धा. नाकारायची असतील तर त्यांनी नाकारावीत. आम्ही आधीच नाकारून त्यांचं काम हलकं करणार नाही. फेब्रुवारीत खालच्या तुकड्यात घड असतील. थोडे असतील, पण असतील.

अक्षर वेडंवाकडं आलंय. दोरानं तळहात सोलवटलेत, हळद लावून फडकं बांधलंय. आज बारीचा शेवटचा दिवस, दोन ओळी राहिल्यात भिजवायच्या, बायका हाका मारताहेत.

कुलूप अजून तिथंच आहे. त्याच्याकडं बघायला आम्हाला सवड नाही.

तुझी आत्या,
गुणमाला